भाकरी बंद, तूप चालू. पण गोळ्यांचं काय?

पत्राचा सारांश: सोलापूर भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांचे यजमान ४८ वर्षांचे. सहा वर्षांपासून मधुमेह, शेवटचं एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.१. रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, काही महिन्यांपूर्वी त्यात डापाग्लिफ्लोझिनची भर पडली, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. ऑफिसातल्या मित्रांचा ग्रुप 'कीटो' करतोय म्हणून त्यांनीही भाकरी, भात, वरण, फळं एकदम बंद केली. आता पनीर, अंडी, चीज आणि सकाळी तूप-लोणी घातलेली काळी कॉफी. बारा दिवसांत चार किलो उतरले, उपाशीपोटी साखर १२० आली आणि "आता गोळ्या बंद" असं ते म्हणू लागले आहेत. पण रात्री पायात गोळे येतात, उठताना गरगरतं, पोट साफ होत नाही. याआधी त्यांनी दोन वेळा जेवणाचा दीक्षित डाएट केला होता, तो सुटला. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. ताई विचारतात: इतकं तूप चालतं का? ज्वारी तर मधुमेहाला चांगली ना, मग ती बंद का? माझं वजन ७२ किलो आहे, मीही करू का? दोन-दोन स्वयंपाक करून जीव मेटाकुटीला आलाय. यांना थांबवू कसं?

ताई, तुमच्या पत्रात तुपाबद्दल चार ओळी आहेत आणि डापाग्लिफ्लोझिनचं नाव फक्त यादीत आलंय. उत्तराची सुरुवात मात्र त्या गोळीपासूनच करावी लागेल. हे वाचाल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: "हे डापाग्लिफ्लोझिन घेतात आणि बारा दिवसांपासून कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखरेतली कर्बोदकं, जवळजवळ बंद आहेत." डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत प्रत्येक जेवणात एक भाकरी किंवा वाटीभर भात पुन्हा सुरू करा. त्याने डाएट 'मोडेल', मोडू द्या.

कारण असं. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन या तिच्याच बहिणी, आणि आता या गोळ्या आपल्याकडे घरोघरी आहेत. साखर बाहेर जाते, इन्सुलिन कमी होतं आणि शरीर चरबी जाळून कीटोन तयार करायला लागतं. त्यातच खाण्यातले कार्ब बंद केले की त्याच दिशेला दुसरा धक्का बसतो. कीटोन प्रमाणाबाहेर वाढले तर रक्त आम्लधर्मी होतं. यालाच कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. एरवी अशा रुग्णाची साखर तीनशे-चारशेच्या पुढे असते, त्यामुळे कुणाच्याही लक्षात येतं. या गोळ्यांवर असताना साखर दोनशेच्या खाली, कधी अगदी बरी दिसत असतानाही हे होऊ शकतं. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर १२० दिसले म्हणजे सगळं ठीक, असं या बाबतीत धरता येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, विचित्र थकवा यांपैकी काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा आणि तिथे आपणहून सांगा: "ही गोळी चालू आहे, कीटो चालू आहे, रक्तातले कीटोन आणि ब्लड गॅस तपासा." गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम काही दिवस रेंगाळतो. नवरात्रात कडक उपवास करणाऱ्या आणि जुलाब-उलट्यांनी जेवण तुटलेल्या मधुमेहींनाही हेच लागू आहे.

दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. ही इन्सुलिन ढकलून बाहेर काढते. पोटात भाकरी आहे की नुसतं पनीर, हे ती बघत नाही. कार्ब निम्मे झाले आणि डोस तोच राहिला तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग काहीतरी खायला द्या. इथे एक घोळ होतो: "साखर घेतली तर कीटोसिस (चरबी जाळून कीटोन बनण्याची अवस्था) तुटेल" म्हणून माणूस त्या अवस्थेतही साखर नाकारतो आणि काजू खातो. स्निग्ध पदार्थांनी साखर चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ नसतो.

म्हणजे "गोळ्या बंद करणार" यातलं अर्धं खरं आहे. खाणं इतकं बदललं की औषधं बदलावीच लागतात. पण कोणती, किती आणि कधी, हे ठरवायला डॉक्टर हवेत. बहुतेक डॉक्टर अशा वेळी आधी या दोन गोळ्यांना हात लावतात आणि मेटफॉर्मिन शेवटपर्यंत ठेवतात, कारण एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. मनानेच सगळ्या एकदम सोडल्या तर पंधरा दिवसांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर साखर पुन्हा अडीचशेवर जाते आणि "डाएटचा काही उपयोग नाही" असा निष्कर्ष निघतो. आज आलेली १२० साखर एकट्या कीटोने आलेली नाही, तिच्यामागे तीन गोळ्या उभ्या आहेत.

चक्कर आणि गोळे. कार्ब तुटले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंड मीठ-पाणी जास्त बाहेर सोडतं. त्यात डापाग्लिफ्लोझिन लघवी वाढवते आणि टेल्मिसार्टन रक्तदाब उतरवते. मग उभं राहताना गरगरणारच. घरी रक्तदाब आधी बसून आणि मग उभं राहून एका मिनिटाने मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर तेही डॉक्टरांना त्याच फोनवर सांगा. कीटो करणारे एरवी यावर मिठाचं पाणी प्यायला सांगतात. रक्तदाबाच्या रुग्णाने ते आपल्या मनाने करू नये. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ तर मुळीच नको, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम आधीच धरून ठेवते.

आता चार किलोंचा हिशोब. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. कार्ब बंद केले की हा साठा बराचसा रिकामा होतो. पाण्यासकट दीड-दोन किलो तिथेच गेले. मिठाबरोबर आणखी पाणी गेलं, आतड्यातला भारही हलका झाला. चरबीचं गणित वेगळं आहे: एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. रोज ७०० कॅलरींची तूट धरली तरी बारा दिवसांत एक किलोच्या जरा वर. तेही वाईट नाही बरं का! पण ग्रुपवर काट्याचा फोटो टाकणाऱ्यांना तिसऱ्या आठवड्यात वजन का थबकलं ते कळत नाही आणि मग कुणी जेवणच सोडतं, कुणी कॉफीत आणखी एक चमचा लोणी घालतं.

हा प्रकार नवा आहे असं ग्रुपवर सांगितलं जातं. तसं नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थांनी १८६३ साली ब्रेड, साखर, बटाटे सोडून उतरवलेल्या वजनाची पुस्तिका छापली होती आणि ती तडाखेबंद खपली. 'कीटोजेनिक' हे नाव १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी दिलं, तेही वजनासाठी नव्हे तर मुलांच्या अपस्मारासाठी. तिथे आजही तो आहार ग्रॅममध्ये तोलून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स यांच्या लो-कार्ब आहाराची लाट आली. २०११ च्या डिसेंबरात नॉर्वेत लोण्याचा दुष्काळ पडला: पावसाळी उन्हाळ्याने दूध घटलेलं, आयातीवर भरमसाट कर, त्यात लो-कार्बच्या फॅशनने मागणी वाढलेली. ऐन नाताळात लोणी ऑनलाइन अव्वाच्या सव्वा भावाने विकलं जात होतं. लाट पुन्हा पुन्हा येते याचं कारण साधं आहे, पहिल्या पंधरवड्यातला तो आकडा. लाटा ओसरतात त्याचं कारणही तितकंच साधं, चौथा महिना.

मग दीर्घकाळात काय होतं? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६०९ जणांना वर्षभर कमी-फॅट किंवा कमी-कार्ब आहारावर ठेवलं. एका गटाचं सरासरी ५.३ किलो वजन उतरलं, दुसऱ्याचं ६. म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकिटातलं खाणं कमी करून भाज्या वाढवायला सांगितलं होतं, हे महत्त्वाचं. मधुमेहापुरतं बोलायचं तर ब्रिटनच्या 'डायरेक्ट' या चाचणीत एका वर्षात ४६ टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले, आणि तो आहार कीटो नव्हताच. काही महिने रोज जेमतेम साडेआठशे कॅलरी. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. ते सगळे सहा वर्षांच्या आत निदान झालेले रुग्ण होते. तुमचे यजमान अगदी त्या काठावर आहेत, म्हणून त्यांच्या उत्साहावर पाणी ओतू नका. त्यांना हवंय ते शक्य आहे. फक्त ते वजन उतरल्याने आणि उतरलेलं टिकल्याने होतं, लघवीतले कीटोन तपासायच्या पट्टीवर जांभळा रंग आल्याने नाही.

तुमच्या पत्रात, आणि त्यांच्या ग्रुपवरही, एक गोष्ट गृहीत धरली आहे: एक तर पूर्ण कीटो, नाहीतर पहिल्यासारखं खाणं. या दोहोंच्या मध्ये भरपूर जागा आहे. यजमानांचं पूर्वीचं ताट मोजून बघू. सत्तर ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे ४७ ग्रॅम कार्ब. दुपारी दोन, रात्री एक: १४०. दोन्ही वेळा वाटीभर भात, ८०. दोन वाट्या वरण, ३०. सकाळचे पोहे ४५. दोन वेळचा दूध-साखरेचा चहा ३०, बरोबर चार बिस्किटं २०. झाले साडेतीनशेच्या घरात, आणि प्रथिनं जेमतेम पन्नासच्या आसपास. कीटोत हेच कार्ब वीस ते पन्नास ग्रॅमवर आणायचे असतात. साडेतीनशेवरून तीसवर उडी मारण्याआधी दीडशेवर थांबून बघायला काय हरकत आहे? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२२ मध्ये मांडलेला हिशोब तर याहूनही सौम्य आहे: नव्या मधुमेहींसाठी कार्ब एकूण ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्के, प्रथिनं १९-२० टक्के. दीडशे ग्रॅम म्हणजे दोन हजार कॅलरींच्या तीस टक्के. पुरेसं कमी आहे.

इथे ज्वारीबद्दल बोलायला हवं, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ज्वारी चांगली, तंतू भरपूर, पोट भरल्यासारखं वाटतं. पण शंभर ग्रॅम पिठात ६५-७० ग्रॅम कार्ब ज्वारीतही आहेत, बाजरीतही आणि गव्हातही. "मधुमेहाला चांगली" म्हणून पोळ्या दोनच्या जागी भाकऱ्या तीन झाल्या तर साखर वाढणारच. आणि तुमच्याकडची कडक भाकरी तर पापडासारखी हलकी लागते, गप्पा मारताना दोन कधी मोडल्या कळत नाही. म्हणून भाकऱ्या मोजण्यापेक्षा पीठ तोला. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या, ४५ ग्रॅम पिठाची भाकरी एकदा थापून बघा आणि तो आकार हाताला बसू द्या. ती भाकरी म्हणजे ३० ग्रॅम कार्ब.

आता दीडशेचं ताट, तुमच्याच घरातल्या जिनसांतून. चहा बिनसाखरेचा, अचानक जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. नाश्त्याला दोन अंड्यांचं आम्लेट, नाहीतर ४० ग्रॅम मुगाची डाळ भिजवून वाटून त्याची कोथिंबीर-आल्याची धिरडी. त्यात कार्ब २४ ग्रॅम आणि प्रथिनं दहा. दुपारी ती एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची वाटीभर घट्ट उसळ, दोन वाट्या पालेभाजी किंवा दोडका, दुधी, गवार, वांगी यांपैकी काही, काकडी, वाटीभर दही. रात्री पुन्हा एक भाकरी, शंभर ग्रॅम पनीर कांदा-सिमला मिरचीत परतून किंवा पिठलं, आणि भाजी. पिठलं केलं तर भाकरी अर्धी करा, बेसनातही कार्ब आहेत. उसळ ताटात जास्त, भाकरी तोंडीलावण्यासारखी, एवढाच उलटफेर. पातळ वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त असतं, त्याने प्रथिनांचं काम होत नाही. डाळ घट्ट करा, भाताशिवाय वाटीत घ्या. शेंगाचटणी खुशाल वाढा: दोन चमच्यांत पाचेक ग्रॅम प्रथिनं आणि कार्ब चारच्या आत. पण दोनच चमचे, पुढच्या प्रत्येक चमच्याला पन्नासेक कॅलरींचा हिशोब आठवा.

साबुदाणा मात्र या घरात औषधाच्या गोळ्यांसारखा मोजून. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब आहेत आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. उपवासाला वरीचे तांदूळ कमी आणि दाण्याची आमटी जास्त, सोबत दही.

तुपाचं विचारलंत. घरचं तूप भाकरीवर चमचाभर, त्याला कुणाची हरकत नाही. कॉफीतल्या तुपा-लोण्याला माझी हरकत आहे. दोन मोठे चमचे म्हणजे २०० ते २५० कॅलरी, त्यात प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत. नाश्ता म्हणून ती फसवणूक आहे. कीटोत ट्रायग्लिसराइड बहुतेकांचे उतरतात, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, हे खरं आणि आपल्या लोकांना फायद्याचं. पण तूप, लोणी, चीज, खोबरेल यांच्या भडिमाराने काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, झपाट्याने चढतं, आणि कुणाचं चढेल हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून लिपिड प्रोफाइल आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. फोडणीला शेंगदाणा किंवा करडई तेल, माणशी दिवसाला तीन-चार चमचे. एलडीएल चढलं तर आधी लोणी-चीज बंद, दाणे-तीळ-जवस चालू.

'कीटो आटा', 'कीटो बिस्किट' विकत घेण्याआधी पाकिटाच्या मागचा तक्ता वाचा. 'एका सर्व्हिंगमध्ये' लिहिलेला आकडा सोडा, शंभर ग्रॅमचा बघा. 'साखरविरहित' चॉकलेटात माल्टिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर साखर त्यानेही चढते, शिवाय पोट बिघडतं.

बद्धकोष्ठतेवर औषध शोधायची गरज नाही. वरणभात गेला तेव्हा डाळ, फळं आणि धान्याचा कोंडा सगळंच गेलं. उसळ-पालेभाज्या परत आल्या की आठवड्यात फरक पडेल. तोवर रात्री एक चमचा इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात, गोळ्यांपासून दोन तास लांब. पेरू अर्धा, पपईच्या चार फोडी, एवढं फळ दीडशेत बसतं. अनेक वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे तर बी-१२ ही तपासून घ्या, विशेषतः मांस-मासे खात नसाल तर.

दीक्षित डाएटशी गल्लत नको. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून मांडलेल्या पद्धतीत दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं असतं. तिथला भर किती वेळा खायचं यावर आहे. हल्ली दोन्ही एकत्र करण्याची टूम निघाली आहे: दोनदाच जेवायचं आणि तेही कीटो. तुमच्या यजमानांच्या सध्याच्या गोळ्यांवर ती युती सगळ्यांत वाईट.

तुमचं स्वतःचं: मधुमेह नाही, औषधं नाहीत, तर दीडशेचं ताट तुम्हालाही चालेल. काट्याऐवजी टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर ती उतरवणं हे उद्दिष्ट. सासूबाईंना यात ओढू नका. त्या वयात वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि ते सहजी परत येत नाहीत. त्यांची भाकरी मऊ करून दुधात चालू राहू द्या, फक्त अंडं किंवा घट्ट डाळ वाढवा. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असणं, खाण्याचे विकार, यांपैकी काही असलेल्या कोणत्याही वाचकाने कडक कीटोच्या वाटेला परस्पर जाऊ नये.

आणि दोन स्वयंपाक आजपासून बंद करा. वरच्या ताटात वेगळं शिजवायचं काही नाही. उसळ, भाजी, दही, चटणी सगळ्यांना तीच. मुलाला तीन भाकऱ्या आणि भात, यजमानांना एक छोटी भाकरी. फरक वाढण्यात, शिजवण्यात नाही.

"थांबवू कसं" याचं उत्तर: थांबवू नका. त्यांनी बारा दिवस बिस्किटाला हात लावला नाही, ही लहान गोष्ट नव्हे. "तुमचं कीटो वेडेपणा आहे" असं म्हटलंत की ते ग्रुपवर जाऊन दाद मिळवतील. त्याऐवजी म्हणा, "डॉक्टरांना फोन तुम्ही लावता की मी लावू? आणि मग तीन महिने आकडे लिहून बघू." एका वहीत सकाळची उपाशीपोटी साखर आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर, सुरुवातीला रोज, बसल्यावर आठवड्यातून दोनदा. दीडशेच्या ताटावर जेवणानंतरचे आकडे १८०च्या आत राहिले, तर आणखी खाली जाण्याचं कारण उरत नाही. नाही राहिले, तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली शंभरपर्यंत उतरता येईल, आधी गोळ्यांची फेररचना करून.

एचबीए१सी तीन महिन्यांआधी करून पैसे घालवू नका, ते मागच्या सुमारे तीन महिन्यांचीच सरासरी दाखवतं. त्याच दिवशी लिपिड, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन. आणि पुढे कधी डॉक्टरांनी तुम्हाला किंवा मुलाला ग्लुकोजचं पाणी पाजून करायची चाचणी सांगितली, तर आधीचे तीन दिवस रोज किमान दीडशे ग्रॅम कार्ब खाऊन जा. कार्ब तोडलेल्या माणसाचं शरीर ते ग्लुकोज नीट हाताळत नाही आणि नसलेला मधुमेह कागदावर उमटतो.